पाच ग्रॅम

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की
खैरनार चष्म्याचं पिवळं फडकं टेबलावर पसरतात
आणि फिल्मच्या काळ्या डब्यांतून तीन कार्ट्रिज काढून
ओळीने मांडतात, नाकं एका दिशेला.
(लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, तरी मी त्यांना खैरनारच म्हणते.)

लाल, पांढरी, हिरवी, निळी.
केसाएवढ्या चार तारा. त्या जोडायचं काम माझं.
त्यांचा हात कापत नाही, पण बोटं पडली जाड;
सातपूरच्या फोर्जिंग शॉपमध्ये तेहतीस वर्षं
तापलेलं लोखंड घणाखाली सरकवलेली.
त्याच घणानं कान नेले.
एका दिवसात नाही.
आधी डास गेले (तेव्हा बरंच वाटलं होतं),
मग कुकरची शिट्टी,
मग नातीच्या बोलण्यातले स आणि श.

मी नोटा तपासायचे, जेल रोडच्या प्रेसमध्ये.
शाई अर्धा केस सरकली तरी कागद बाजूला.
म्हणून ते विचारतात आणि मी सांगते.

तबकडी नेहमी तीच,
बुधवारच्या बाजारात, पुलाखाली, चाळीस रुपयांना घेतलेली.
लेबल उंदरानं खाल्लंय. कोण बाई गाते कुणास ठाऊक.
खैरनार म्हणतात, मारवा.
मी वाद घालत नाही.

पहिलं कार्ट्रिज देवळालीच्या होरमसजींचं.
संधिवातानं बोटं आखडली तेव्हा त्यांनी
रुमालात बांधून दिलं, आणि दाराबाहेर सोडायला आले नाहीत.
सराफ बाजारातून आणलेल्या काट्यावर सव्वा ग्रॅम, ना कमी ना जास्त.
"काय ऐकू येतं?"
मी डोळे मिटते.
सारंगीच्या मागे कुणीतरी कागद उलटतंय.
बाईच्या हातात बांगड्या आहेत, काचेच्या. दोन. तीन नव्हेत.
समेच्या आधी ती श्वास घेते.
आणि भिंतीपलीकडे, लांब, कावळा.
खैरनार वहीत लिहितात:
कागद. बांगड्या. श्वास. कावळा.
वाण्याची यादी लिहावी तसं.

दुसरं जपानी. दोन ग्रॅम.
"कावळा गेला," मी म्हणते. "बांगड्या पितळेच्या झाल्या."
"म्हणजे?"
"म्हणजे तबला पुढे सरकला
आणि बाई जरा मागे, दाराशी जाऊन बसली."
तेही लिहितात.
"दाराशी" खाली रेघ.

तिसरं लावू नका, हे मी दर रविवारी म्हणते.
मोडीत काढलेल्या रेडिओग्रामचं ते,
दातासारखं पिवळं पडलेलं. सुई कसली, खिळाच.
पाच ग्रॅम.
तबकडी सोलून काढतं, प्रत्येक फेरीला
टोकाशी काळी भुकटी, गाळलेल्या चहातून राहते तशी.

ते लावतात.

बांगड्या नाहीत. श्वास नाही.
सारंगी नाकात बोलते, तबला पत्र्याचा.
इतके दोष, की नोंदायला आख्खी शिफ्ट पुरणार नाही.
मी सांगायला तोंड उघडते
आणि खैरनारांची मान हलते.
समेवर. नेमकी समेवर.
आधीच्या दोन्ही वेळा ती हलली नव्हती,
हे माझ्या आत्ता लक्षात येतं.
आत्ता म्हणजे किती रविवारांनंतर, देवच जाणे.

"आली बघ," ते जरा मोठ्यानंच म्हणतात,
"ही इथे बसली."
आणि आमच्या रिकाम्या खुर्चीकडे पेन दाखवतात.

छत्तीस वर्षांत माझ्या हातून
एक खोट पुढे गेलेली नाही.
सुपरवायझर शिंपी मॅडम सांगायच्या नव्या मुलींना,
हिच्या टेबलावरून जे सुटलं ते देवाच्या टेबलावरूनही सुटेल.

"तुला काय ऐकू येतं?"
"हेच चांगलं," मी म्हणते.
"नक्की?"
"नक्की."

वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.
मी ब्रशनं भुकटी झटकली,
आणि दांडी उचलून पुन्हा कडेच्या रेघेवर नेऊन ठेवली,
मीच, माझ्या हातानं.
बाई झिजली असेल,
अर्धा केस.